गोमा नाखवा ‘बरोबर’ म्हणाला

सकाळी सोसायटीच्या ऑफिसात हरेशचा फोन आला. “बाई, सभासद यादीतला एक नाव कमी करायचा हाय. कागद काय काय लागतील?”

मी विचारलं, कुणाचं.

“बाबाचा.”

कधी गेले, काय झालं, हे मलाच विचारून काढावं लागलं. इंजिनाचा कुठला भाग निकामी झाला ते मेकॅनिकला सांगावं तशा आवाजात त्यानं सांगितलं. मी लागणाऱ्या कागदांची नावं सांगितली, त्यानं ती परत म्हणून दाखवली आणि फोन ठेवला. कागद हातात आल्याशिवाय मी यादीतलं नाव कापत नाही, त्यामुळे गोमा नाखवाचं नाव तूर्त तसंच आहे. तेवढ्या वेळात हे लिहून काढते.

गोमा नाखवा गावात कुणाला आवडत नव्हता. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर मेलेल्या माणसाबद्दल लिहिताना हात आपोआप गोड व्हायला लागतो. मुरुडच्या अलीकडे आमचा हा कोळीवाडा आहे आणि इथल्या मच्छीमार सोसायटीची मी सचिव आहे. डिझेल, बर्फ, परवाने, विमे अशा सगळ्यांच्या याद्या माझ्याकडे असतात आणि त्या निमित्तानं प्रत्येक बोटमालकाशी माझं रोजचं बोलणं होतं. नाखवा म्हणजे बोटीचा मालक आणि बोट हाकणाराही. तसे पुष्कळ नाखवे बघितले. भांडखोर बघितले, दारुडे बघितले. पण समोरचा माणूस कुठे दुखेल ते आधी शोधून मग तिथेच बोट ठेवणारा हा एकच.

दिसायला लहानसा, काटकुळा माणूस. मान लांब आणि पुढे काढलेली. डोळे कायम अर्धे मिटलेले, कारण आयुष्य उन्हात चमकणाऱ्या पाण्याकडे बघण्यात गेलेलं. पायात चप्पल कधी घातली नाही, लग्नाकार्यातही नाही. कुणालाही त्याच्या नावानं हाक मारायची नाही हा त्याचा नेम होता. मी ‘कागदवाली’. त्याच्या बोटीवरचा जुना खलाशी दाऊद एका पायावर भार देऊन उभा राहायचा, म्हणून तो ‘बगळा’. स्वतःचा मुलगा हरेश हा ‘कुरव’. कुरव म्हणजे किनाऱ्यावर थव्यानं बसणारा तो पांढरा, जाडजूड, हिवाळी पाहुणा पक्षी. दुसऱ्यानं टाकलेलं खातो म्हणून नाखवाचा त्याच्यावर राग.

कारण गोमा नाखवा मासळी पक्ष्यांवरून शोधायचा. आता सगळ्या बोटींवर पडद्यावर मासळी दाखवणारी यंत्रं आली आहेत, त्याच्या बोटीवरही हरेशनं बसवून घेतलं होतं, पण नाखवा त्याच्या पडद्यावर टॉवेल वाळत घालायचा. “पेटी विकनारा पोट भरून विकायला येतो,” तो म्हणायचा. “पाखरू भुकेला असतो. भुकेला मानूस खोटा बोलंल, भुकेला पाखरू खोटा उडनार न्हाय.”

हे नुसतं बोलणं नव्हतं, त्यामागे हिशोब होता. सुरय नावाचा जो बारीक, टोकदार पंखांचा पक्षी आहे, त्याच्यावर नाखवाची सगळी भिस्त. सुरय उडताना चोच समोर असेल तर तो नुसता कुठे तरी चालला आहे, त्याच्यामागे जाऊ नये. चोच खाली असेल तर शोधतो आहे. एका जागी फडफडला आणि दगडासारखा पडला, तर खाली बारीक मासळी वर आली आहे. बारीक मासळी स्वतःच्या खुशीनं वर येत नाही, तिला खालून मोठी मासळी हाकलते. म्हणजे पक्षी वरून खातो, सुरमई खालून खाते, मधल्या बारीक तारलीला जायला जागा नाही. “वरून चोच, खालून दात,” नाखवा म्हणायचा, आणि ते म्हणताना त्याला खरोखर आनंद व्हायचा. थवा पाण्यावर बसलेला दिसला की तो थुंकायचा. बसलेली पाखरं म्हणजे एकतर पोटं भरली, नाहीतर मासळी चोच पोचणार नाही इतकी खोल गेली. दोन्हीत आपल्याला काही नाही.

खाडीचं गढूळ पाणी ओहोटीला समुद्रात शिरतं तेव्हा गढूळ आणि निळ्या पाण्याची एक कड दिसते, फेसाची, वाकडीतिकडी. तो तिला शिवण म्हणायचा. गढुळात पाखराला दिसत नाही, नितळात माशाला पाखरू दिसतं, म्हणून शिकार शिवणीवर होते. उधाणाच्या दिवसांत शिवण लांब जाते, भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांत जवळ येते. पहाटे जमिनीवरून सुटणारा मतलई वारा पडला की पाणी काचेसारखं होतं आणि मग तासभर पाखरांची चैन असते. इतकं सगळं तो जाणत होता आणि कुणाला सरळ सांगायचा नाही. शिकवायची त्याची एकच पद्धत होती. सुकाण धरून उभा राहायचा आणि कुणाही खलाशाकडे बघून विचारायचा, “काय दिसतंय?”

खलाशी सांगायचा, सुरय दिसतात, अमुक बाजूला, पडतायत.

“चूक.”

मग दुसऱ्याला. तोही चूक. ते पडत नाहीत, नुसते घिरट्या घालतायत. किंवा पडतायत पण पाण्याला न शिवता परत उठतायत, म्हणजे मासळी अजून खोल आहे. प्रत्येकाचं चुकल्यावर तो स्वतः सांगायचा आणि तिथे जाळं सोडलं की मासळी यायची. ज्याचं सगळ्यात जास्त चुकलं त्याला शिक्षा: दिवसभर बोटीच्या पुढच्या टोकाला पाठ करून उभं राहायचं. “तुला दिसत न्हाय ना? मंग बगू पन नको.” माझ्या आठवणीत ही शिक्षा सगळ्यात जास्त वेळा हरेशला झाली. बंदरात शिरताना बोट दिसायची आणि टोकाला उलटा उभा असलेला हरेश आधी दिसायचा, किनाऱ्यावर टोपल्या घेऊन थांबलेल्या बायकांसमोर, ज्यांत त्याची बायकोही असायची. तेव्हा तो स्वतः बाप झालेला होता.

दाऊद त्याच्याबरोबर सगळ्यात जास्त वर्षं होता. बर्फाची पावती घ्यायला आला की दोन शब्द बोलून जायचा. त्यानंच मला ओकवण्याची गोष्ट सांगितली.

कधी कधी जाळ्यात पाखरू अडकतं. इतर बोटींवर ते सोडवून उडवतात किंवा मेलं तर पाण्यात टाकतात. गोमा नाखवा त्याला पायाला धरून उलटं करायचा आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी गळा पोटाकडून चोचीकडे पिळत आणायचा. घाबरलेलं पाखरू तसंही ओकतं, हा ते काम नीट करायचा. फळीवर जे पडेल ते बोटानं पसरून बघायचा. मांदेली असेल तर एक जाळं, तारली असेल तर दुसरं. कधी अर्धा पचलेला मासाही त्याला ओळखता यायचा.

“आणि पाखरू?” मी विचारलं.

“नसीब त्याचं, बाई,” दाऊद म्हणाला. “कामाचं ओकलं तर सोडायचा. काय न्हाय ओकलं तर रागानं आपटायचा. मी एकदा बोललो, नाखवा, खुदाची मखलूक हाय, त्यानंच पैदा केलेली. तर मला बोलला, बगळ्या, तुझा खुदा त्याला पोट देऊन बसलाय, मी फक्त बघतो त्यात काय हाय.”

माणसांनाही तो असंच ओकवायचा. शेजारच्या बंदरातल्या एका नाखव्याला चांगली मासळी मिळत होती. गोमानं त्याला लग्नाच्या मांडवात गाठलं, सगळ्यांसमोर त्याच्या मुलीच्या मोडलेल्या सोयरिकीचा विषय काढला, आणि ढवळत राहिला. तो माणूस रडकुंडीला येऊन म्हणाला, नाखवा, काय पाहिजे तुला? गोमा म्हणाला, “जागा.” त्यानं जागा सांगितली. गोमा जेवून घरी गेला.

एका पावसाळ्यातलं मी स्वतः बघितलेलं सांगते. मोठं वादळ होऊन गेल्यावर इकडच्या किनाऱ्यावर खोल समुद्रातली पाखरं येऊन पडतात. इथे एरवी कधी न दिसणारी, मोठ्या पंखांची, चालताही न येणारी. त्या वर्षी आमच्या शाळेच्या मॅडमना असं एक काळपट पाखरू सापडलं. त्या नव्या होत्या, साताऱ्याकडच्या. त्यांनी ते टोपलीत ठेवून त्याला मासळीचे तुकडे भरवले, मुलांनी त्याचं नाव ठेवलं. दोन दिवसांनी ते खाईना म्हणून त्या टोपली घेऊन जेट्टीवर आल्या, कारण कुणीतरी सांगितलं होतं की पाखरांचं गोमा नाखवाला कळतं.

त्यानं पाखरू उचललं, अंगठा त्याच्या छातीवरून फिरवला आणि मॅडमचा हात धरून त्यांचाही अंगठा तिथे टेकवला. “लागला का? सुरीसारखी धार हाय. मांस सगला खाऊन टाकलाय त्यानं सोताचाच. वादलात पानी ढवलून मातीसारखा झाला. पाखराला खालचा दिसला न्हाय. पाखरू आंधला झाला मंजे संपला. आंधल्याला काय भरवता?”

“पण प्रयत्न करायला काय हरकत आहे, काका?” मॅडम म्हणाल्या.

“कोन तुमचा काका,” तो म्हणाला आणि त्यांच्या देखत त्यानं पाखराची मान पिरगाळली. मग ते टोपलीत परत ठेवून टोपली त्यांच्या हातात दिली. त्या ती टोपली घेऊन बराच वेळ उभ्या होत्या. कुत्री जमायला लागली तेव्हा निघाल्या.

तर असा माणूस. आता त्याच्या ‘बरोबर’ची गोष्ट.

पाऊस संपून बोटी नुकत्याच पाण्यात गेल्या होत्या. दाऊद ऑफिसात आला, पावती घेतली आणि गेला नाही. मी वर बघितलं तर त्याचा चेहरा फुललेला.

“बाई, आज नाखव्यानी मला बरोबर म्हटलं.”

“काय बरोबर?”

“मला विचारलं, काय दिसतंय. मी बोललो, सुरय हायत, शिवणीवर, चोची खाली. तर बोलला, बरोबर.” त्यानं ते पुन्हा म्हणून बघितलं. “बरोबर. माझी दाढी सफेद झाली, बाई, त्या बोटीवर. आज पास झालो.”

मी त्याचं अभिनंदन केलं. त्यानं घरी जाऊन सांगितलं, त्याच्या बायकोनं शेवया केल्या आणि त्यातली वाटी माझ्याही टेबलावर आली. थोड्या दिवसांनी दुसऱ्या एका खलाशालाही ‘बरोबर’ मिळालं. मग तिसऱ्याला. ज्याला सुरय आणि कावळा यांतला फरक सांगता येत नाही अशा नव्या माणसालाही मिळालं. तेव्हा दाऊद पुन्हा आला. या वेळी बसला.

“बाई, नाखव्याची तबियत ठीक न्हाय.”

“काय होतंय त्यांना?”

“सगळ्यांना बरोबर बोलतो.”

मी हसले. तो हसला नाही.

खरं कारण मला त्याच हंगामात कळलं. सोसायटीतर्फे डोळे तपासणीचं शिबिर होतं, नावं मीच लिहून घेत होते. गोमा नाखवा शेवटी आला, सगळे गेल्यावर. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. साखरेनं डोळ्यांचे पडदे खराब झाले होते. आधी आला असता तर काही करता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. आता जे गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते हळूहळू जाईल. नाखवानं ऐकून घेतलं आणि माझ्या दिशेनं मान वळवली.

“कागदवाली, ह्या यादीत माजा नाव हाय?”

“आहे.”

“खोड.”

“नाखवा, हरेशला सांगायला हवं. बोटीवर सात-आठ माणसं असतात.”

“सुकान मना डोल्यांनी धरायचा नसतो, पायांनी धरायचा असतो. लाट पायाला समजते.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “तुज्या नवऱ्यानं तुला का सोडली ते बंदरावर कुनाला ठाव न्हाय. मना ठाव हाय.”

त्याला काही माहीत नव्हतं. माझा नवरा मला सोडून गेला नव्हता, वारला होता. पण दिसत नसतानाही तो कुठे दुखेल ते चाचपून बघत होता. मी त्याला सांगितलं की जाळी दुरुस्तीच्या शेडवर देखरेखीला माणूस हवा आहे, हंगामभर सावलीत बसायचं काम आहे. त्यावर म्हणाला, “किनाऱ्यावर बायका बसतात आनि कुत्री बसतात. मना बोट सुटली तर मी मेलो, समजला? त्या दिवशी तुज्या सोसायटीतला नाव खोड.”

आणि मग मला त्याची युक्ती समजली. युक्ती कसली, जुनी सवयच होती. ‘काय दिसतंय?’ हे तो आयुष्यभर परीक्षा म्हणून विचारत आला होता, त्यामुळे आता तो माहितीसाठी विचारतोय हे कुणाच्या लक्षात येणं कठीण होतं. चार जणांना विचारायचं, चौघांचं जुळलं की बरोबर. सगळ्यांना छळण्याची त्याची पद्धतच त्याला काठीसारखी उपयोगी पडत होती. फक्त एकच अडचण होती. आता तो कुणाला चूक म्हणू शकत नव्हता.

मी कुणाला बोलले नाही. त्याची गरजही पडली नाही, कारण लवकरच त्यानं कुरवांना सुरय म्हटलं.

झालं असं. दूर पांढरा गोंधळ दिसत होता, खलाशांनी सांगितलं, पाखरं आहेत, पुष्कळ. कुठली ते नाखवानं विचारलं नाही, कारण ते विचारणं म्हणजे कबुली. पांढरं काहीतरी हलतंय एवढं त्यालाही दिसत होतं. “सुरय हायत,” तो म्हणाला आणि बोट तिकडे फिरवली. जाळं सोडलं. ते कुरव होते. एक ट्रॉलर बाजारात न खपणारी मासळी फावड्यानं मागे टाकत गेला होता, त्यावर ते तुटून पडले होते. गोमा नाखवाच्या जाळ्यात आदल्या दिवशीची फुगलेली, मेलेली मासळी आली. ट्रॉलरवाल्यांनी बघितलं आणि ते त्यांच्या बोटीवरून टाळ्या वाजवायला लागले.

ही चूक बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल. आमच्याकडे संध्याकाळपर्यंत ती रेवदंड्याला पोचली होती. बंदरावर बायका टोपल्या भरता भरता विचारत होत्या, “हरेश, आज सुरय मिलाली का कुरव?” एकीनं तर नाखवाच्या अंगावरून जाताना कावळ्याकडे बोट दाखवून विचारलं, “नाखवा, हा मोर कुटला?” त्याची बायको जनाबाय तिथेच बसलेली होती. ती मासळी निवडत राहिली. मी तिच्या शेजारून जाताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “मना पाच वर्सां आधी समजला. भाकरीत केस असला तर ओरडायचा. मंग ओरडायचा बंद झाला.”

“तुम्ही बोलला नाहीत?”

“ओरडायचा बंद झाला व्हता ना,” ती म्हणाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सरकारकडून आलेली, बोट कुठे आहे ते दाखवणारी यंत्रं बसवायचं काम निघालं. यंत्र बसवलं की बोट बाहेर नेऊन ते चालतंय का ते बघायचं आणि मी सही करायची. अशा तऱ्हेनं मी त्या सकाळी गोमा नाखवाच्या बोटीवर होते. सुकाणावर तो, टोकाला हरेश, मध्ये दाऊद आणि बाकीचे खलाशी. वारा पडलेला. खाडीचं तोंड ओलांडून बरंच पुढे गेलो. यंत्राचा दिवा लागला, मी तशी नोंद केली.

“काय दिसतंय?” नाखवानं नेहमीसारखं विचारलं.

 हरेशनं आधी आभाळाकडे बघितलं, मग आमच्या सगळ्यांकडे एकदा.

“सुरय हायत, बाबा. उजव्या हाताला. शिवणीवर.”

मी उजवीकडे बघितलं. तिथे पाणी होतं. शिवण नव्हती, फेस नव्हता, आणि वर काहीच नव्हतं. दाऊदनं तोंड उघडलं. हरेशनं त्याच्याकडे बघून बोट ओठांवर ठेवलं.

“चोची?” नाखवानं विचारलं.

“खाली.”

“पडतायत?”

“पडतायत, बाबा. एकामागून एक.”

नाखवानं मान पुढे काढून तिकडे बघितलं. डोळे अगदी बारीक केले. मी त्याच्यापासून हाताभर अंतरावर होते. तो खरोखर बघत होता. मग त्याचा चेहरा सैल पडला.

“बरोबर,” तो म्हणाला आणि सुकाण उजवीकडे दाबलं.

“मोठी हायत का बारकी?” हरेशनं विचारलं.

“तुला दिसत न्हाय का?”

“तुमी सांगा ना. आमचा नेहमी चुकतो.”

“मोठी,” नाखवा म्हणाला. “पिवल्या चोचीची.”

कुणीतरी नाकातून हसलं. दाऊद दोराच्या वेटोळ्यावर बसला आणि त्यानं डोकं खाली घातलं. हरेशचा आवाज मऊ होता, आजारी माणसाशी बोलावं तसा. “आता बसली, बाबा.”

“बसली तर मासली खोल गेली. थांब जरा.”

“उठली.”

“उठनारच.”

“खाली तारली असंल का बाबा, का मांदेली?”

“तारली.”

“आनि तिच्या खाली?”

“सुरमई,” नाखवा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात तो जुना आनंद आला. “जालं सोडा.”

कुणी हललं नाही. 

“सोडा म्हनलो ना.”

“बाबा,” हरेश म्हणाला, “आभाल कोरा हाय. एक पाखरू न्हाय. निघाल्यापासून न्हाय. बाईंना इचारा.”

आता सगळे हसले. लपवायचं काही उरलं नव्हतं. पाठ करून उभे राहिलेले सगळे ते दिवस त्या हसण्यात होते आणि ते लवकर थांबलं नाही.  मग मी जिथे असेन असं नाखवाला वाटलं तिकडे त्यानं तोंड केलं. थोडं चुकलं, माझ्या खांद्यामागे बघत राहिला.

“कागदवाली. काय दिसतंय?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यानं पहिल्यांदा नुसता प्रश्न म्हणून विचारला होता.

“काही नाही, नाखवा,” मी म्हणाले.

“चूक,” तो म्हणाला. पण तोवर त्याचा हात सुकाणावरून निघालेला होता. हरेशनं येऊन ते धरलं.

मला वाटलं, आता तो घरी बसेल. दुसऱ्या दिवशी पहाटे तो जेट्टीवर हजर होता. तिसऱ्या दिवशीही. हरेश त्याला रोज बरोबर नेऊ लागला आणि बोटीच्या टोकाला बसवू लागला. समुद्रात गेलं की तिथे बापाला विचारायचा, बाबा, काय दिसतंय? बाप काहीतरी सांगायचा आणि सगळे खलाशी एका सुरात म्हणायचे, चूक. ही रोजची करमणूक झाली. पुढे इतर बोटीही जवळून जाताना हाळी द्यायला लागल्या. दाऊदनं ती बोट सोडली. सगळ्यांना त्यानं गुडघ्याचं कारण सांगितलं.

मी हरेशला एकदा ऑफिसात थांबवून विचारलं, “कशाला नेतोस त्यांना? पुरे झालं आता.”

“मी नेत न्हाय, बाई. ते येतात.”

“तू नको म्हणालास तर येणार नाहीत.”

“नको म्हनलो की मरतील.” त्यानं डिझेलच्या पावतीची घडी घातली. “आनि नेला तर ऐकून घ्यावा लागतो. त्यांनी दोन्ही बगून पसंद केलाय. मना काय इचारता?”

तो ते रागानं बोलला नाही. बापानं शिकवलेलं काम तो नीट करत होता, एवढंच.

मी गोमा नाखवाला शेवटचं बघितलं ते त्या हंगामाच्या अखेरीला. हिवाळी पाखरं अजून परत गेली नव्हती. ओहोटीची सकाळ होती. मी बर्फाच्या गाड्या मोजून घ्यायला जेट्टीवर आले होते. जेट्टीवरून बोटीवर जायला फळी टाकलेली होती. खलाशी भराभर गेले. नाखवा शेवटी आला, पायानं फळीची कड चाचपली, सापडली. एका खलाशानं मदतीला हात धरला तर त्याच्या हातावर फटका मारला. फळीवरून बोटीत उतरताना त्याचा अंदाज चुकला आणि तो गुडघ्यावर पडला. कुणी हसलं, कुणी उचललं नाही. तो उठला, काठाला धरून टोकापर्यंत गेला आणि मान पुढे काढून बसला.

बोट खाडीच्या तोंडाशी गेली तेव्हा डाव्या बाजूला गढूळ पाण्याच्या कडेवर सुरयांचा थवा होता. जेट्टीवरून मलाही दिसत होता. चोची खाली, आणि मग एक पडला, दुसरा पडला, पाण्यावर पांढरे शिंतोडे उडायला लागले. बोटीवरची सगळी माणसं एकदम तिकडे वळली. इंजिनाचा आवाज वाढला. त्या आवाजावर हरेशनं काहीतरी ओरडून विचारलं, आणि टोकाला बसलेल्या नाखवानं अजिबात न अडखळता उजवा हात उचलून मोकळ्या समुद्राकडे दाखवला. बोट डावीकडे वळली. तो हात बराच वेळ तसाच होता.